बारा फूट वर, बारा फूट खाली

पेन्झान्सहून सेंट जस्टमार्गे पेंडीनला जाणारी बस कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाला अटलांटिकच्या कडेकडेने धावते. एका हाताला दगडी गडगे घातलेली कुरणं, दुसऱ्या हाताला समुद्र. मधूनच छप्पर उडालेली एखादी उंच दगडी इमारत दिसते, कोपऱ्यात धुराडं. ही खाणींची इंजिनघरं. खाणीतलं पाणी उपसणारी वाफेची इंजिनं त्यांत बसवलेली असत. २००६ मध्ये युनेस्कोने कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचा हा खाणींचा मुलूख जागतिक वारशाच्या यादीत घातला. कॉर्नवॉलच्या खाणींभोवती फिरणाऱ्या ‘पोल्डार्क’ या टीव्ही मालिकेमुळे आता त्याला वेगळंच गिऱ्हाईक मिळालंय.

पेंडीनची गीव्हर खाण कथलाची. आपल्याकडे पितळेच्या पातेल्यांना कल्हई करतात, ती याच धातूची. १९९० मध्ये खाण बंद पडली, आता तिथे संग्रहालय आहे. कामगारांची कपडे बदलायची खोली शेवटच्या पाळीनंतर होती तशीच ठेवलीय, लाल मातीने माखलेल्या कपड्यांसकट. पुढच्या शेडमध्ये हलती टेबलं. दळलेल्या खनिजाचा गाळ पाण्याबरोबर उतरत्या टेबलावरून वाहतो, टेबल सारखे हिसके देतं, आणि जड कथील काळसर पट्टा धरून एका बाजूला सरकत राहतं. सुपात धान्य पाखडावं तसा प्रकार, फक्त वाऱ्याऐवजी पाणी.

बाहेर पडायची वाट दुकानातूनच जाते, हे सगळीकडचं. तिथल्या फळीवर मग होते. एकावर जुना कृष्णधवल फोटो: उभ्या लाकडी दांड्याला धरून, पाऊल जेमतेम मावेल अशा फळकुटांवर एकाखाली एक उभी असलेली माणसं. फोटो कॅम्बोर्नच्या जॉन चार्ल्स बरोचा, डोलकोथ खाणीतला. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा गडी कॅमेरा, काचा आणि दिव्यांचं सामान घेऊन डोलकोथसारख्या खोल खाणींत उतरला, मॅग्नेशियम जाळून त्याने उजेड केला आणि फोटो घेतले. १८९३ मध्ये त्या फोटोंचं पुस्तकही निघालं. खाणकामगाराजवळ उजेड तो केवढा? टोपीवर चिकणमातीच्या गोळ्यात खोचलेली मेणबत्ती. आपण कुठे उभे आहोत, हे या माणसांनी बहुधा बरोच्या फोटोतच पहिल्यांदा धड पाहिलं असेल. खाणीवर हातोड्यांनी खनिज फोडणाऱ्या बायका-मुलीही होत्या. मगवर त्यांना जागा मिळालेली नाही.

फोटोतलं यंत्र म्हणजे ‘मॅन इंजिन’. खाणीच्या उभ्या विहिरीत शेकडो फूट खोल सोडलेला लाकडी दांडा इंजिनाच्या जोरावर बारा फूट वर जायचा, बारा फूट खाली यायचा. दांड्याला दर बारा फुटांवर पाऊलफळी, तशीच विहिरीच्या कडेलाही. दांडा वर गेला की कडेच्या फळीवर पाय टाकायचा, तो खाली येईपर्यंत थांबायचं, मग पुढच्या पाऊलफळीवर चढायचं. अंधारात, ओल्या लाकडावर, दिवसभर राबून झाल्यावर. वाचताना अंगावर काटा येतो खरा, पण त्याआधी हीच माणसं तेवढी खोली शिड्यांनी चढून येत. धाप लागून छाती कामातून जायची. कॉर्नवॉलमधलं पहिलं मॅन इंजिन १८४२ मध्ये ट्रेसाव्हिअन खाणीत बसलं, त्यामागे कामगारांबद्दलची कणवही होती. तो फोटोवाला मग मी विकत घेतला. डोलकोथचा फोटो गीव्हरमध्ये विकायला हरकत नाही, कारण असंच यंत्र शेजारच्या लेव्हंट खाणीतही होतं.

गीव्हरहून कड्यावरच्या पायवाटेने लेव्हंट दहा-पंधरा मिनिटांवर. तिचे बोगदे मैलभर समुद्राखाली गेलेले. वादळात डोक्यावर समुद्रतळाचे धोंडे गडगडत, ते खाली ऐकू येत असे म्हणतात. १८४० सालचं वाफेचं इंजिन अजून चालू करून दाखवतात, त्याच्याभोवती गर्दी असते. मला बघायची होती ती मॅन इंजिनाची विहीर. गोल जिन्याने उतरून, एका अरुंद बोगद्यातून तिच्या तोंडाशी जाता येतं.

२० ऑक्टोबर १९१९च्या दुपारी पाळी संपवून शंभरावर माणसं या दांड्यावरून वर येत होती. दांड्याला वरच्या तुळईशी जोडणारा लोखंडी दुवा तुटला. माणसांसकट दांडा कोसळला. ३१ जण गेले. बरोच्या फोटोत माणसं कशी सवयीने, जवळजवळ कंटाळून उभी आहेत, ते इथे आठवल्यावाचून राहत नाही.

मॅन इंजिन पुन्हा बसवलं नाही. खालचे मजले सोडून दिले, खाण वरच्या मजल्यांवर रखडत चालली आणि १९३० मध्ये बंद झाली. मग समुद्र आत शिरला. १९६०च्या दशकात गीव्हरवाल्यांनी समुद्रतळाला पडलेलं भगदाड बुजवलं, लेव्हंटमधलं पाणी उपसलं आणि मागे राहिलेल्या कथलाकडे पुन्हा वळले. १९८५ मध्ये कथलाचा बाजार कोसळला, तोवर त्या कथलाला भाव होता.