बाउहाउस व्हाया वर्धा

आमच्या ऑफिसच्या लॉबीत वाकवलेल्या स्टीलच्या नळ्यांची एक खुर्ची आहे. तिच्यावर बसत कुणीच नाही, फोटो मात्र सगळे काढतात! मूळ डिझाइन मार्सेल ब्रॉयरचं, १९२५ सालचं. कल्पना म्हणे सायकलच्या हँडलवरून सुचली.

हा ब्रॉयर बाउहाउसचा. वॉल्टर ग्रोपिअसने ही शाळा १९१९मध्ये जर्मनीतल्या वायमारला काढली. पुढे तिचा फंडा ठरला तो असा: कलाकार आणि कारागीर एकाच वर्कशॉपमध्ये, आणि चांगली वस्तू यंत्रावर बनून साध्या घरात पोचली पाहिजे. वायमार, डेसाऊ, बर्लिन असे मुक्काम हलवत १९३३मध्ये नाझींच्या दबावाखाली शाळा बंद पडली. जेमतेम चौदा वर्षं! पण तिथली माणसं जगभर पांगली आणि फंडा सोबत घेऊन गेली. साध्या घरासाठी विचार झालेली ती खुर्ची आज कॉर्पोरेट लॉबीत बसलीय, हा भाग वेगळा.

आता मी पडलो वर्ध्याचा. त्यामुळे मला लगेच मगनवाडी आठवते. १९३४मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेलघाणी, हातकागद, चूल यांवर प्रयोग चालायचे. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम आली. हस्तोद्योग हाच तिचा कणा. पुढे शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामच्या मुलांना कला शिकवायला आले. ही काही बाउहाउसची शाखा नव्हे. प्रश्न मात्र तोच: रोजची वस्तू कशी असावी, ती कुणी बनवावी? उत्तर उलटं. तिकडे यंत्र, इकडे हात.

सध्या आमच्या घरीही हाच वाद पेटलाय. बाबांना कवेलूचं घर पाडून स्लॅब टाकायचाय. मी म्हणतो, मे महिन्यात ४५ डिग्रीत स्लॅबखाली एक दुपार काढून बघा! सेवाग्रामची बापू कुटी बघा. माती, बांबू, कवेलू, सगळं आसपासचं सामान. बाबा शांतपणे विचारतात, ‘‘पावसाआधी कवेलू नीट करायला माणूस कोण आणणार? तू तर पुण्यात.’’

बोलती बंद! खरं तर दोन्ही शाळांच्या पोटातला प्रश्न बाबांनीच विचारला. वस्तू सुंदर असेल हो, पण ती सांभाळणारे हात कुठे आहेत?

पुढच्या आठवड्यात गवंडी येतोय. मधल्या खोल्यांवर कवेलू, बाकी स्लॅब, असं एक स्केच मी काढलंय. कवेलूची जबाबदारी माझी, दरवर्षी मे अखेरची सुट्टी त्यासाठीच. गाडीचं तिकीट कन्फर्म आहे. बाबा अजून नाहीत!