सरपणाची रास

ऊब आपल्यापर्यंत किती हातांतून येते, याचा हिशेब ठेवण्याची संवय आम्हां शहरांतल्या सुशिक्षितांना राहिलेली नाहीं. भिंतीवरचें बटण दाबावें आणि न्हाणीघरांत ऊन पाणी यावें. कळ फिरवावी आणि निळी ज्योत उभी राहावी. या सोयीची निंदा करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं; तिचे गुण गाण्याचा प्रसंग पुढें येणारच आहे. परंतु सोय जितकी पूर्ण, तितके तिच्यामागचे श्रम दृष्टीआड होतात, हें मात्र खरें. 'जळण' ही एके काळीं घरांतली केवढी मोठी काळजी होती! आज तो शब्दच आमच्या मुलांना समजावून सांगावा लागतो.

मला तो पन्नाशी उलटल्यावर नव्यानें शिकावा लागला. माझी आई चौऱ्यांशी वर्षांची आहे आणि उजनी धरणाच्या कांठीं, करमाळा तालुक्यांतल्या एका पुनर्वसित गांवीं राहते. घरांत गॅस आहे. परंतु स्नानाचें पाणी तांब्याच्या बंबांतलेंच हवें, आणि थंडीच्या दिवसांत पहांटे अंगणांत शेकोटी हवी, हे तिचे दोन हट्ट आहेत. सोलापूर जिल्हा म्हटला कीं लोकांना उन्हाळाच आठवतो; पण पौषांत त्या अथांग पाण्यावरून पहांटेचा वारा येऊं लागला म्हणजे म्हाताऱ्या माणसाचीं हाडें कशीं कुरकुरतात, तें तेथें राहूनच कळतें. सरपण आणून देणारी बाई लेकीच्या बाळंतपणासाठीं गेली, तेव्हां मी रजा काढून आईकडे गेलों आणि कुऱ्हाड माझ्या हातीं आली. त्या हातानें तोंवर खडूहून जड हत्यार चालविलें नव्हतें.

गांव पुनर्वसित म्हटलें, त्याचा अर्थ सांगितला पाहिजे. कारण सरपणाची कथा तेथूनच सुरू होते. भीमेवरच्या या धरणाचें काम १९६६ सालीं सुरू झालें आणि १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या मागें पसरलेल्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. तो पूर्ण भरला म्हणजे सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी त्यांत मावतें. त्या पाण्याखालीं नदीकांठचीं अनेक गांवें गेलीं. त्यांत आमचेंहि एक. उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें कीं पैलतीरीं पळसदेवचें जुनें देऊळ उघडें पडतें आणि लोक तें पाहायला जातात. आमच्या गांवाचें असें पाहण्याजोगें कांहीं राहिलेलें नाहीं. मी तेव्हां सहासात वर्षांचा होतों. लोकांनीं घरांच्या तुळया, खांब, दारें उतरवून बैलगाड्यांवर चढविलीं, आणि आईनें एका गाडीचा अर्धा भाग फोडलेल्या लांकडांनीं भरविला, एवढें मला लख्ख आठवतें. वडील वैतागून म्हणाले, "सरपण कशाला नेतेस? तिकडं काय झाडं नाहीत?" आई म्हणाली, "झाडं असतील. वाळलेली नसतील."

या चार शब्दांत किती शहाणपण भरलेलें होतें, तें मला आतां कोठें समजूं लागलें आहे. ताज्या तोडलेल्या लांकडाच्या वजनांत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत निव्वळ पाणी असतें. मोकळ्या हवेंत नीट वाळल्यावर तें पांचव्या हिश्शावर किंवा त्याहून खालीं येतें. पाणी बर्फाइतक्या थंडपणापासून उकळीपर्यंत न्यायला जितकी उष्णता लागते, तिच्या पांचपटींहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे ओलें लांकूड चुलींत घालणारा मनुष्य आपल्या आगीचा मोठा भाग त्या लांकडांतलें पाणी उडविण्यांतच खर्ची घालतो. भांड्याला ऊब कमी आणि डोळ्यांना धूर अधिक. आईला यांतला एकहि आंकडा ठाऊक नाहीं. ओल्या ढलपीच्या टोंकाला आगींत फेंस येऊं लागला कीं ती म्हणते, "हे अजून रडतंय. काढ त्याला बाहेर." आणि लांकूड वाळलें कीं नाहीं हें ओळखायचें कसें, असें विचारल्यावर तिनें दोन ढलप्या माझ्या हातीं देऊन एकमेकींवर आपटायला सांगितल्या. वाळलेलें लांकूड खणखणीत बोलतें. ओलें बद्द वाजतें.

जुन्या गांवची जमीन ज्वारीची, करडईची आणि तुरीची. पीक निघालें म्हणजे शेतांत धसकटें उरत. बायका तीं वेंचून आणीत. तुराट्यांवर चूल पेटे, बांधावरच्या बाभळी-बोरींच्या फांट्यांवर ती चाले, गोवऱ्यांवर दूध तापे. कोरडवाहू शेत धान्याबरोबर तें शिजविण्याचें जळणहि देत असे. धरणाचें पाणी आलें आणि उंसाचें राज्य सुरू झालें. हातांत पैसा आला, पक्कीं घरें झालीं, मुलें कॉलेजांत गेलीं. मीहि त्यांतलाच एक. परंतु उंसाच्या पाचटाची आग क्षणांत भडकते आणि क्षणांत विझते. तिच्यावर भाकरी भाजत नाहीं. बांध कोरून निमुळते झाले, त्यांवरचीं झाडें गेलीं. पाणी अमाप झालें, आणि सरपणासाठीं मात्र दूर जावें लागूं लागलें.

या नव्या राज्यांत चुलीचा भार एका परक्या झाडानें उचलला. वेडी बाभूळ ही मूळची अमेरिका खंडांतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती या देशांत आणली गेली. आमच्या भागांत कोणी तिला चिलारहि म्हणतात. ओढ्याकांठीं, पडीक रानांत, जलाशयाच्या कडेला ती कोणी न लावतां माजते. तोडली तरी बुंध्यापासून पुन्हां फुटते. शेतकरी तिला शिव्या देतो, आणि त्याच्या घरांतली बाई तिच्यावर स्वयंपाक करते. तिचें लांकूड जड, आगीला टिकाऊ, निखारे उत्तम. मात्र कांटा असा कीं चपलेचा तळ भेदून पायांत शिरतो. मोळी बांधण्याआधीं कोयत्यानें एकेक फांटा सोलून घ्यावा लागतो.

सरपण गोळा करणें म्हणजे दिसेल तें लांकूड उचलणें नव्हे. मी पहिल्या दिवशीं निघालों तेव्हां आईनें ओसरीवरूनच नियम घालून दिला: "उभं वाळलेलं आधी घे, पडलेलं मागनं, हिरवं सगळ्यात शेवटी." उभें वाळलेलें झाड वाऱ्यांत वाळलेलें असतें, जमिनीवर पडलेलें ओल धरतें आणि त्याला वाळवी लागते. वड, पिंपळ आणि उंबर यांना हात लावावयाचा नाहीं, तो मान देवाचा. शेवगा पोकळ, त्याच्यांत जीव नाहीं. बाभूळ आणि बोर मिळाल्यास भाग्य.

फोडण्याचें शास्त्र त्याहून सूक्ष्म. वेड्या बाभळीचा ओंडका ओला असतांनाच फोडावा. वाळल्यावर त्याचें लोखंड होतें. शिवाय साल हें झाडाचें पांघरूण आहे, तें आंतली ओल सोडीत नाहीं. फोडलेल्या अंगानें लांकूड लवकर वाळतें. ओंडका दुसऱ्या रुंद ओंडक्यावर उभा करावा, त्याच्या तोंडावरच्या बारीक भेगा पाहाव्या, आणि घाव मध्यावर न घालतां कांठाकडून घालीत यावें. गांठ असेल ती बाजू खालीं. चिवट निघाला तर लोखंडी पाचर ठोकावी. मी दांत-ओठ खाऊन जोर लावूं लागलों तशी आई हंसून म्हणाली, "अरे, कुऱ्हाड उचलायची आपण, पडायचं काम तिचं." आठवड्यानें तळहातांचे फोड बसले, आणि घावाचा आवाज ऐकूनच ओंडका दुभंगणार कीं नाहीं, तें कळूं लागलें.

मग रचणें. खालीं दगडांच्या दोन ओळी, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दूर. वारा ज्या बाजूनें येतो तिकडे तोंडें. दोन्ही टोंकांना आडवीं-उभीं लांकडें रचून बुरूज करावे, म्हणजे मधली चळत ढांसळत नाहीं. ढलप्यांत उंदीर फिरेल एवढी फट असावी. वरचा थर सालीकडून आकाशाकडे. झांकण फक्त माथ्यावर, बाजू मोकळ्या. आणि लांकूड ओढण्याआधीं काठीनें रास ठोकावी, कारण विंचवालाहि घर लागतें.

इंग्रजी साहित्याचा अध्यापक म्हणून मी वर्गांत थोरोचा १८५४ सालीं प्रसिद्ध झालेला 'वॉल्डन' हा ग्रंथ शिकवीत आलों आहें. त्यांत त्यानें आपल्या लांकडांच्या राशीविषयीं मोठ्या जिव्हाळ्यानें लिहिलें आहे. माझी पहिली रास पुरी झाली त्या संध्याकाळीं तो जिव्हाळा मलाहि वाटला. इतक्यांत रस्त्यावरून शेजारची बाई डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, अशी घराकडे गेली. मी तिच्या मोळीकडे पाहिलें आणि मनांत त्रैराशिक मांडलें. गॅसच्या एका टाकींत १४.२ किलो इंधन असतें. वजनास वजन तें लांकडाच्या जवळजवळ अडीचपट उष्णता देतें. शिवाय शेगडींत निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याला पोंचते, तर साध्या चुलींत दहावा-आठवा हिस्साच. म्हणजे त्या एका टाकीचें काम करायला सुमारें दोनशे किलो लांकूड हवें. म्हणजेच वीसपंचवीस किलोंच्या आठदहा मोळ्या, आणि तितक्याच कांट्यांतल्या खेपा. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेंत तिच्या घरीं टाकी आली आहे. परंतु ती चहापुरती आणि पाहुण्यांपुरती. भाकरी आणि आंघोळीचें पाणी अजून सरपणावर, कारण टाकीला रोख पैसा लागतो आणि वेड्या बाभळीला फक्त तिची मान.

माझ्या कामाला रजेची मर्यादा होती. तिच्या कामाला रजाच नाहीं. थोरोची रास आणि तिची मोळी हीं एकाच लांकडाचीं झालीं तरी एकाच जातीचीं नव्हत. आपल्या संतपरंपरेनें हा भेद फार पूर्वीं ओळखला होता, असें मला वाटतें. हीच भीमा पुढें पंढरपुरास चंद्रभागा होते. तेथें जनाबाईबरोबर विठ्ठल दळूं लागला, रानांत गोवऱ्या वेंचूं लागला, अशी आख्यायिका आहे. जनीच्या देवानें तिला श्रमांची थोरवी सांगितली नाहीं. तो तिच्याबरोबर ओणवा झाला. जळण वेंचणाऱ्या बाईला याहून मोठा धर्म कोणीं सांगितल्याचें मला ठाऊक नाहीं. गॅसची निळी ज्योत त्या बाईच्या घरीं बारा महिने राहील, तर त्या ज्योतीचे गोडवे मी आनंदानें गाईन.

तरीहि आईच्या राशींत मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती टाकींत सांपडणारी नाहीं. संक्रांत झाली, थंडी सरूं लागली. बंबाला पुरून उरेल इतकें वाळलें सरपण परसांत होतें. मी कुऱ्हाड आंत ठेवली. दुसऱ्या दिवशीं आईनें ती बाहेर काढून ठेवली होती. आतां फोडायचें तें पुढच्या पौषासाठीं. आज रचलेलें लांकूड उन्हाळा खाल्ल्याशिवाय शहाणें होत नाहीं. चौऱ्यांशी वर्षांची, काठी टेकून उभी असलेली बाई एका वर्षापुढची रास किती उंच हवी तें हातानें दाखवीत होती: माझ्या छातीपर्यंत. ज्या बाईनें एकदां आख्खें गांव पाण्याखालीं जातांना पाहिलें, तिचा पुढच्या वर्षावर एवढा विश्वास! मी एक अक्षर न बोलतां महिनाभर फोडीत राहिलों. छातीएवढी रास झाली.

निघतांना मी म्हणालों, "आई, पुढच्या थंडीत बंब पेटवायला मी नक्की येईन." ती राशीकडे पाहत होती. म्हणाली, "थंडीचं पुढं बघू. मिरगाच्या आधी येऊन तेवढी रास झाकून जा."