ऱ्होनच्या खोऱ्यांतील द्राक्षमळे

स्वित्झर्लंड म्हटलें म्हणजे बर्फ, सरोवरें आणि घड्याळें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्या देशाच्या नैर्ऋत्येस ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत वाले नांवाचा प्रांत आहे. तेथें मात्र प्रवाशास निराळेंच दृश्य दिसतें. दोहों बाजूंस बारा-चौदा हजार फुटांचीं हिमशिखरें, आणि खालीं उन्हाकडे तोंड केलेल्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनीं चढत गेलेले द्राक्षांचे मळे. देशांतील द्राक्षांच्या लागवडीपैकीं जवळजवळ एक तृतीयांश याच प्रांतांत आहे. मुलाच्या नोकरीमुळें लोझान येथें कांहीं महिने राहण्याचा योग आला, तेव्हां हा मुलूख मीं पाहिला.

पर्वतांनीं ढग अडविल्यामुळें हें खोरें कोरडें आहे. सियों या मुख्य शहरीं वर्षास सुमारें २४ इंच पाऊस पडतो, म्हणजे पुण्याहूनही कमी. यावर लोकांनीं मध्ययुगांतच उपाय काढला. वरच्या हिमाचें पाणी त्यांनीं डोंगराच्या कडेकडेनें, कोठें कोठें कड्यास टांगलेल्या लांकडी पन्हळींतून, कुरणांना व मळ्यांना आणलें. या पाटांस ते ‘बिस्’ म्हणतात. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, पाट राखण्याचें काम वांटून घेतलेलें. माझी बहुतेक नोकरी धुळ्याकडे झाली. तेथील फड पद्धति पाहिलेल्या मला ही व्यवस्था परकी वाटली नाहीं. युरोपांतील पारंपरिक सिंचनाच्या या विद्येस २०२३ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें.

मळ्यांच्या भिंती चुन्यावांचून, नुसत्या दगडावर दगड रचून उभारलेल्या आहेत. दगड दिवसा तापतो व रात्रीं ती ऊब वेलीस देतो. व्हिस्पर्टर्मिनेन गांवीं हे मळे ११०० मीटरांपर्यंत, म्हणजे महाबळेश्वराहून थोड्याच कमी उंचीपर्यंत, चढले आहेत. उतार इतका उभा कीं छाटणी व तोडणी बहुधा हातांनींच करावी लागते.

सियोंजवळच्या एका वृद्ध मळेवाल्यानें आम्हांस आपल्या तळघरांत नेलें. आमच्या घराण्यांत मद्याचा स्पर्श नाहीं असें मुलानें सांगतांच तो हंसला व त्यानें कोपऱ्यांतील एका भांड्याकडे बोट दाखविलें. परीक्षक लोक घोट तोंडांत घोळवून टाकून देतात. मींही तीच रीति पत्करली. प्रथम पांढरें मद्य आलें. तें ‘पेतीत आर्वीन’ द्राक्षांचें. या जातीचा उल्लेख १६०२ सालापासून सांपडतो. रंग गव्हाच्या काडीचा, वास पपनसाच्या सालीचा, जिभेवर आंबट धार, आणि शेवटीं मिठाच्या कणाची किंचित् आठवण. मागून ‘कोर्नालें’ जातीचें तांबडें आलें. त्याचा रंग पिकल्या जांभळाचा, चव भरदार, आणि मागें सुपारीसारखा तुरटपणा. पांढऱ्याच्या कृतींत द्राक्षें पिळून सालें लगेच वेगळीं करतात. तांबड्याच्या कृतींत रस सालांसकट आंबूं देतात, म्हणून रंग व तुरटपणा दोन्ही उतरतात. दिवसाच्या उन्हानें द्राक्षांत साखर भरते आणि रात्रींच्या गारव्यानें आंबटपणा टिकतो. एवढें सांगून म्हातारा म्हणाला, “बाकी सारें या उताराचें.”

मला कौटिल्य आठवला. द्राक्षरसाच्या मद्यास तो ‘मधु’ म्हणतो, आणि त्याचे कापिशायन व हारहूरक हे भेद कृतीवरून नव्हे, देशावरून करतो. कापिशी ही हिंदुकुशाच्या पायथ्याची नगरी. तिच्या नांवावरून शब्द साधण्यास पाणिनीनें स्वतंत्र सूत्र रचलें आहे. तेव्हां वस्तूची ओळख तिच्या भूमीवरून पटावी, हा विचार आपल्याकडेही जुनाच आहे.

परंतु ही भूमि राखणारे हात कमी होत आहेत. एक भिंत कोसळली तर ती पुन्हा रचण्याचा खर्च त्या पायरीच्या उत्पन्नांतून निघत नाहीं, असें म्हातारा म्हणाला. त्याचीं दोन्ही मुलें शहरांत नोकरीस आहेत. स्विस मद्यापैकीं शेंकडा एक-दोन भागच परदेशीं जातो. म्हणजे हे मळे जगवावयाचे तर त्याच देशाच्या लोकांनीं. कोर्नालेंची जात विसाव्या शतकांत नाहींशी होण्याच्या बेतांत असतां थोड्या मळेवाल्यांनीं ती पुन्हा लावली, ही गोष्ट आशा धरण्यासारखी आहे.

मद्य घ्यावें असें मी कोणासही सांगणार नाहीं. पण पांझरेच्या कांठचे कित्येक फड बंद पडलेले मीं पाहिले आहेत. पाणी वांटून घेण्याची विद्या एकदां मोडली म्हणजे ती पुस्तकांतून परत येत नाहीं. वालेच्या लोकांची तरी ती टिकावी, असें त्या भिंतींवरून उतरतांना मनापासून वाटलें.