मध्यंतराचं सुतक

हिंदी सिनेमाच्या वितरकांच्या वहीत महाराष्ट्र सापडत नाही. विदर्भ तिथे अजून ‘सीपी बेरार’मध्ये आहे, मराठवाडा ‘निझाम’मध्ये, मुंबई-पुणं ‘बॉम्बे’त. संस्थानं गेली, भाषावार राज्यं झाली. वहीने दखल घेतली नाही. त्याच वहीत कडेला एक खाना असे, ‘ओव्हरसीज’. भारताबाहेरचं अख्खं जग त्यात कोंबलेलं: नैरोबी, दुबई, डरबन, लंडन, न्यूयॉर्क. एकेकाळचा हा वरकमाईचा खाना. आज सिनेमा लागला की निर्माता आधी तिकडचे आकडे विचारतो. खाना भरला, चांगलंच झालं. पण त्याच्या आत काही थिएटरं होती. ती गेली, आणि त्यांचं सुतक कुणी धरलं नाही.

साऊथॉलचं डोमिनियन घ्या. पश्चिम लंडनच्या या भागात पंजाबी माणूस आला तो रबराच्या कारखान्यात पाळ्या भरायला. आठवडाभर साहेबाची भाषा, साहेबाची थंडी. रविवारी एखादं थिएटर तेवढ्यापुरतं भाड्याने घ्यायचं आणि हिंदी सिनेमा लावायचा. साठच्या दशकात इंडियन वर्कर्स असोसिएशनने डोमिनियन विकतच घेतलं. कामगारांच्या संघटनेचं स्वतःचं थिएटर! पडद्यावर सिनेमे चालत आणि पडद्यापुढे सभा. २३ एप्रिल १९७९ रोजी वर्णद्वेषी नॅशनल फ्रंट पक्षाविरुद्धच्या निदर्शनांत ब्लेअर पीच या न्यूझीलंडहून आलेल्या शिक्षकाच्या डोक्याला मार बसला, आणि त्यातच तो गेला. जूनमध्ये त्याच्या अंत्यविधीआधी शव दर्शनाला ठेवलं ते डोमिनियनमध्येच. हजारो माणसं रांगेने आत जाऊन आली. एवढ्या मोठ्या दुःखाला पुरेल असं दुसरं घर त्या वस्तीकडे नव्हतं.

त्या काळी सिनेमा यायचा तो पत्र्याच्या डब्यांतून. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. म्हणजे तीन तासांचा सिनेमा सोळा हजार फुटांच्या वर. तीच प्रिंट गावोगाव फिरायची. शेवटच्या गावाला पोचेपर्यंत पडद्यावर रेघांचा पाऊस लागलेला, गाण्याचं एखादं कडवं गळालेलं. तरी कुणाची तक्रार नसायची, कारण निम्मी माणसं मध्यंतरासाठी आलेली असायची.

मध्यंतर म्हणजे चाळीतला नळ. दिवे लागले की कोटाखाली दडवलेली साडी दिसायची. समोशांच्या वासात कुणाची खोली रिकामी झाली, कुठल्या कारखान्यात भरती निघाली, कुणाच्या भावाचे कागद अडले, मुलगी दाखवायची आहे तर कुणाला विचारायचं, सगळं त्या पंधरा मिनिटांत. तीन तास पडद्यावर आपली माणसं आणि मध्यंतरात आजूबाजूलाही आपलीच. बाहेर रस्त्यावर आपण मूठभर. इथे मात्र आपलीच गर्दी. तिकीट खरं त्याचं होतं.

व्हिडिओ कॅसेट आली आणि सिनेमा घरी शिरला. किराणा दुकानात डाळीच्या पोत्यांशेजारी अमिताभ भाड्याने मिळू लागला. साऊथॉलचं लिबर्टी १९८२ साली बंद पडलं. १९२९ साली बांधलेली ती इमारत, दर्शनी भागावर चिनी धाटणीचं छप्पर आणि ड्रॅगन. इंग्रजांनी हौसेनं उभारलेलं हे चीन पुढे पंजाब्यांचं झालं आणि व्हिडिओनंतर बाजारपेठ झालं. डोमिनियन तर पाडलंच.

मग दिवस फिरले. ‘दिल से’ १९९८ साली ब्रिटनमधल्या पहिल्या दहा सिनेमांत जाऊन बसला. लिबर्टीचं छप्पर पुन्हा रंगलं आणि २००१ साली ते ‘हिमालया पॅलेस’ म्हणून उघडलं. वाटलं, आता हे टिकणार. पण हिंदी सिनेमा चालतो हे मल्टिप्लेक्सवाल्यांनाही कळलं होतं. त्यांच्याकडे नवी खुर्ची, नवा पडदा, गाडी लावायला जागा. २०१० मध्ये हिमालया पॅलेसही बंद झालं. पडत्या काळात व्हिडिओनं मारलं, चढत्या काळात भरभराटीनं.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्समध्ये ‘अर्ल’ नावाचं जुनं थिएटर होतं. पुढेपुढे तिथे अश्लील सिनेमे लागत. नव्वदच्या दशकात ते हिंदी सिनेमाकडे आलं तेव्हा पाटीवरचं एकच इंग्रजी अक्षर बदललं. ‘आर’ काढून ‘जी’ लावला की झालं ‘ईगल’. परदेशातला संसार असाच काटकसरीनं मांडतात. २००९ च्या एप्रिलमध्ये इकडे मुंबईत निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले गल्ल्याच्या वाटणीवरून भांडले. जूनपर्यंत मोठे सिनेमे अडून राहिले. भांडण मिटल्यावर दोन्ही पक्ष पुन्हा कामाला लागले. पण तोवर तिकडे क्वीन्समध्ये ईगलला दाखवायला सिनेमा उरला नव्हता. त्याच वर्षी ते बंद पडलं. हत्तींच्या झुंजीत गवत कुठल्या देशातलं तुडवलं गेलं, याची चौकशी आपल्याकडे कुणी केली नाही.

न्यूयॉर्कच्याच चिनी वस्तीची गोष्टही फार निराळी नाही. मॅनहॅटन पुलाच्या खाली ‘सन सिंग’ होतं, डोक्यावरून आगगाड्या धडधडत आणि आत हाँगकाँगचे सिनेमे. ते १९९३ साली गेलं. बाउरी रस्त्यावरचं ‘म्युझिक पॅलेस’ २००० साली. तिथल्या चायनाटाऊनमधलं ते शेवटचं चिनी सिनेमाघर.

मराठी सिनेमाला परदेशात असं हक्काचं थिएटर कधी लाभलंच नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, पण सिनेमा म्हणजे कुठला तरी हॉल घ्यायचा आणि एखादा खेळ करायचा. मराठी माणूस एरवी पंजाब्या-गुजरात्यांच्या गर्दीत बसून हिंदी सिनेमा पाहत आला. गंमत अशी, की ज्याच्याकडे थिएटर नव्हतं त्याच्याकडे मध्यंतर उरलं. मंडळाच्या खेळाला आजही बटाटेवडे असतात, चहा असतो, आणि ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असतं.

अमेरिकेतल्या मल्टिप्लेक्समध्ये हिंदी सिनेमा लागतो तेव्हा मध्यंतराची पाटी बहुधा येते आणि तशीच पुढे सरकते. दिवे लागत नाहीत, कुणी उठत नाही. पटकथाकारानं बरोबर त्या जागी कलाटणी ठेवलेली असते, पंधरा मिनिटं लोकांनी तिच्यावर बोलावं म्हणून. बोलणार कुणाशी? शेजारी बसलेलं कुटुंब आपल्याच गावचं असू शकतं. सिनेमा संपल्यावर ते त्यांच्या गाडीकडे जातं, आपण आपल्या. धंद्याचं यात काही बुडालं नाही. तिकीट तेवढंच खपलं, उलट खेळ लवकर सुटल्याने पुढचा खेळ लवकर लागला. वितरकाच्या वहीत या पंधरा मिनिटांना खाना कधी नव्हताच, म्हणून तोटाही कुठे लिहिला गेला नाही. तो ज्यांचा झाला त्यांनीच लिहून ठेवायचा.