सातवं पाणी

जुलै २०२५मध्ये मोनॅकोला स्टीपलचेसचा धावपटू अविनाश साबळे पाण्याच्या उडीवर पडला आणि त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. शर्यत नुकती कुठे सुरू झाली होती, पाय ताजे होते. तेच माझ्या डोक्यातून जाईना. स्टीपलचेसवाला पाण्याला भितो तो शेवटी, मांड्या भरून आल्या की. सात पाण्यांपैकी सातवं खरं, बाकीची त्याची तयारी, असंच आम्ही धरून चालतो. अठ्ठावीस कोरड्या अडथळ्यांबद्दल तर मी बोलतही नाही. ते ज्याला जमत नाहीत त्याने रस्त्यावर पळावं.

हर्डल्सवाल्याची पावलं मोजलेली असतात, आमची नसतात. समोर पाच-सहा पाठी असतात, अडथळ्याची पट्टी दिसतच नाही. पुढच्याचं डोकं वर गेलं की समजायचं, आली. मग उरलेल्या चार-पाच पावलांत टप्पा लांबवायचा की आखडायचा, हे ठरवायला वेळ नसतो. पायानेच ठरवावं लागतं. आखडला तर वेग गेला, लांबवला तर पाऊल पट्टीवर उशिरा आणि चुकीच्या जागी पडतं. २०१९ला दोह्याच्या जागतिक स्पर्धेत साबळेच्या हीटमध्ये पुढचा धावपटू अडखळला आणि याची वाट अडली. भारताच्या तक्रारीनंतर त्याला फायनलमध्ये घेतलं, तिथे त्याने ८ मिनिटं २१.३७ सेकंद दिले. लोकांना ती तक्रार आठवते. मला आठवतं ते हे, की लय तुटल्यावरही त्या हीटमध्ये त्याने राष्ट्रीय विक्रम मोडला होता. तुटलेली लय पुढच्या अडथळ्याच्या आत परत जुळवणं, हे मी आयुष्यभर शिकवत आलोय आणि अजून ते शब्दांत पकडता आलेलं नाही.

आता शब्दच उरलेत. पूर्वी मी पोरांना म्हणायचो, बघा, आणि उडी मारून दाखवायचो. दोन वर्षांपासून गुडघा ते करू देत नाही. उभ्या-उभ्या सांगावं लागतं: पाऊल पट्टीवर टेकलं की लगेच ढकलू नको. गुडघा वाकलेलाच ठेव, अंग पट्टीच्या पलीकडे जाऊ दे, स्पाईक्स पलीकडच्या कडेला लागले की मग ढकल. आधी ढकललंस तर वर जाशील, पुढे जाणार नाहीस. खड्डा ३.६६ मीटरचा, पट्टीशी खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. वर गेलेला माणूस खोलात उतरतो आणि तिथून बाहेर पडताना शर्यत देऊन बसतो. पोरं मान हलवतात आणि लगेच ढकलतात.

साबळेबद्दल छापून येतं ते बहुतेक गरिबीचं. बीड जिल्ह्यातलं मांडवा, वीटभट्टीवर राबणारे आईवडील, शाळेसाठी सहा किलोमीटर. ते खरं आहे आणि मोठं आहे. पण गरिबीने कुणाला पट्टीवर पाऊल ठेवायला शिकवलेलं मी पाहिलं नाही. शिकवलं ते सैन्याने. ५ महारमधून सियाचिन, राजस्थान, सिक्कीम करून हा पोरगा क्रॉसकंट्रीत आला, कोच अमरीश कुमारांच्या हाताखाली स्टीपलचेसकडे वळला आणि २०१८ला भुवनेश्वरला गोपाळ सैनींचा १९८१पासूनचा विक्रम ८:२९.८०मध्ये मोडला. बर्मिंगहॅमला २०२२च्या राष्ट्रकुलात त्याने ८:११.२० दिले. १९९८पासून तिथलं एकही पदक केनियाने दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. सोनं गेलं सेकंदाच्या ५ शतांशाने. ५ शतांश म्हणजे पाण्यातून बाहेर पडताना जड पडलेलं एक पाऊल. त्या रात्री मी किती वेळा ती शेवटची फेरी पाहिली असेन! हांगझोऊला आशियाई सुवर्ण घेताना तो पुढे एकटा होता, समोर पाठ नव्हती, पट्टी स्वच्छ दिसत होती. तो पुढे का पळतो, हे मला तिथे पुरतं पटलं.

आमच्या साताऱ्याकडे ललिता बाबर झाली. माण तालुक्यातल्या मोहीची, मॅरेथॉनवरून स्टीपलचेसला आली, रिओत फायनल गाठून दहावी आली. वाटलं होतं, आता पोरींची रांग लागेल. लागली ती पोलीस भरतीच्या अकॅडम्यांपुढे. भरतीला पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, त्यावर घर चालतं. ज्याला थोडं जास्त जमतं तो दर रविवारी बक्षिसाच्या दहा किलोमीटरला. त्यांना मी नावं ठेवत नाही, पोट आहे. पण वर्षभर डांबरावर पळवून वीस वर्षांच्या पोराचे पाय संपवणारे जे कोच आहेत, त्यांना ठेवतो. मैदानावरच्या खड्ड्यात पाणी स्पर्धेच्या आदल्या दिवशी भरतात. कोरड्या खड्ड्यात सराव केलेल्या पोराने ओल्या पट्टीवर काय करायचं?

मोनॅकोनंतर मी सराव बदलला. आता पोरांना एकेकटं पट्टीवर सोडत नाही, सहा-सात जणांचा घोळका करून सोडतो, आणि पहिल्या फेरीपासून. त्यात एक पोरगी आहे. मी सगळ्यांना डावा पाय पट्टीवर ठेवायला घोटून घेतो, कारण माझा डावा होता आणि माझी उडी बघायला लोक सरावाला येऊन उभे राहत. अजूनही साबळेची शर्यत लागली की मी आधी त्याची उडी माझ्या उडीशी लावून बघतो. ही पोरगी मात्र घोळक्यात जो पाय येईल तो ठेवते. कधी डावा, कधी उजवा, आणि दोन्हीकडून सारखीच निसटते. घोळक्यात तिची लय तुटतच नाही. तिला डाव्यावर आणायचा हट्ट मी सोडला.

तिच्या उडीत माझं काहीच नाही. बघणारा कुणी म्हणणार नाही, ही अमक्याची शिष्या. ते मला लागतं, फार लागतं, आणि तरी रोज संध्याकाळी मी त्या खड्ड्याशीच उभा राहून तिचीच उडी बघतो.