दुरुस्ती एका जागी

छापखान्याच्या कामात वेळ मांडणी करण्यात जात नाही, मांडलेलं बदलण्यात जातो. लग्नपत्रिका तासाभरात उभी राहते. मग निमंत्रकांत एक काका वाढतात, मुहूर्ताची मिनिटं बदलतात, कार्यालयाचा पत्ता नव्यानं येतो. दिवाळी अंकाच्या शेवटच्या आठवड्यात पानभर जाहिरात आली की पुढच्या साऱ्या कथा सरकतात. म्हणून सॉफ्टवेअरमधली प्रत्येक सोय मी एकाच कसोटीवर तपासते : दुरुस्ती आली, तर ती एका जागी करून भागतं का?

कोरलड्रॉमध्ये ऑब्जेक्ट ओढता ओढता उजवं बटण दाबलं की प्रत सुटते, कंट्रोल-आरनं मागची कृती पुन्हा होते. हे बहुतेक ऑपरेटरांच्या हातात बसलेलं असतं. पण एका शीटवर व्हिजिटिंग कार्डं लावताना त्याच प्रती नडतात. फोन नंबर बदलला की प्रत्येक कार्डात हात घालावा लागतो. कार्डाचं आधी सिम्बॉल करून त्याच्या प्रती लावल्या, तर एकात केलेला बदल सगळ्यांत उतरतो. इलस्ट्रेटरमध्ये रंग करताना ‘ग्लोबल’वर खूण केली, तर पार्टीनं मरून रंग बदलायला सांगितला की स्वॅच तेवढा बदलायचा.

इनडिझाइनमधली माझी सर्वांत आवडती सोय कुठल्याच मेनूत लिहिलेली नाही. एकही डॉक्युमेंट उघडं नसताना केलेली सेटिंग्ज पुढच्या प्रत्येक नव्या डॉक्युमेंटला आपोआप लागतात. देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. तो नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते. रिकाम्या पडद्यावर बेसिक पॅराग्राफ स्टाइल उघडून कंपोझर बदलून ठेवला की नव्या फाइलींपुरती ही कटकट संपते.

अंकाच्या कथांसाठी ‘नेक्स्ट स्टाइल’ बांधून ठेवावी. शीर्षकानंतर लेखकाचं नाव, नावानंतर बिनइंडेंटचा पहिला परिच्छेद, मग मजकूर. सगळी कथा निवडून शीर्षकाच्या स्टाइलवर राइट क्लिक केलं आणि ती स्टाइल पुढच्या स्टाइलसकट लावायला सांगितली की कथा एका दमात सजते. आकडे वेगळ्या फाँटात हवे असतील तर पॅराग्राफ स्टाइलमध्येच ग्रेप स्टाइल घालून [०-९]+ एवढं लिहायचं. उद्या मजकुरात नवा आकडा आला तरी तो त्याच फाँटात येतो, त्याला शोधत फिरावं लागत नाही.

मात्र मराठी मजकुरावर काम करणाऱ्यानं सर्वांत आधी शिकावी अशी गोष्ट स्क्रिप्ट्स पॅनेलच्या नमुन्यांत पडून असते. ‘फाइंड-चेंज बाय लिस्ट’ तिचं नाव. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काय शोधायचं आणि काय घालायचं याच्या ओळी लिहायच्या. स्क्रिप्ट चालवली की त्या सगळ्या एकामागून एक लागू होतात. सोबत येणारी यादी दोन स्पेसची एक करण्यासारख्या किरकोळ गोष्टींची आहे. मराठीची यादी आपणच करायची.

माझ्या यादीत पहिला मान विसर्गाचा. टाइप करणारे ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी कोलन मारतात आणि पत्रिकेत ‘स्थळ’पुढे कोलनऐवजी विसर्ग. कागदावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतूनही निसटतात. यादीला ते अचूक सापडतात. दुसरा मान ‘ऱ्या’चा. जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालेलं असतं. इथे घाई करून सगळीकडचा रफार काढला तर ‘मर्यादा’ आणि ‘आचार्य’ हे शब्द बिघडतात. म्हणून शब्दच द्यायचे : दुसर्या, तिसर्या, शेतकर्या, कर्मचार्या. यादी हळूहळू लांबते, आणि लांबेल तशी कामाची होते. ही माहिती कुठल्याही परदेशी ट्युटोरियलमध्ये मिळणार नाही, कारण ती चूक त्यांच्या लिपीत होतच नाही.

प्रमाणपत्रं किंवा ओळखपत्रं असली की डेटा मर्ज. एक्सेलमधली नावं ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून सेव्ह करायची, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. फोटोच्या रकान्याच्या नावाआधी @ लावायचं. एक्सेल ते सूत्र समजून अडवतं, म्हणून त्याच्याही आधी एक अपॉस्ट्रॉफी. एवढं जमलं की शाळेचं अख्खं ओळखपत्रांचं काम एका दुपारीत होतं.

वाचलेल्या वेळाचं काय करायचं, यावर माझं मत ठाम आहे : तो प्रूफाला द्यावा. वधूच्या आजोबांचं नाव बरोबर आहे का, कवितेची ओळ कवीनं तोडली तिथंच तुटली आहे का, हे कुठलीही स्क्रिप्ट सांगत नाही. ते माणसानंच वाचायचं, आणि आपल्या व्यवसायात नेमका तोच वेळ सर्वांत आधी कापला जातो.

तुम्ही मांडणीचं काम करत असाल तर अशी यादी आजपासून सुरू करा, आणि शेजारच्या टेबलावरच्या ऑपरेटरलाही द्या. साधी टेक्स्ट फाइल आहे. पेन ड्राइव्हवर घालून देता येते.