फटफटीलाही वाफसा लागतो

गेली तीस वर्षे मी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना एक गोष्ट सांगत आलो आहे. पाऊस उघडला म्हणून लगेच रानात औत घालू नका, वाफसा येऊ द्या. ओल्या रानात पाळी घातली की ढेकळे निघतात, जमीन दबते आणि बैलही थकतात. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. आणि हाच मी, कृषी पदवीधर माणूस, एका सकाळी ओल्या काळ्या वाटेवर दोनशे किलोची फटफटी घेऊन शिरलो, तेही पाठीमागे घरच्या मंडळींना बसवून. त्याची किंमत मी नाही, तिने मोजली. म्हणून ही हकिकत लिहीत आहे.

आमचे झरी परभणी-जिंतूर रस्त्यावरचे गाव. गावाला डांबरी रस्ता आहे. पण शेतकऱ्याचा खरा रस्ता डांबर सोडल्यावर सुरू होतो. आमचा आखाडा गावापासून अडीच किलोमीटरवर. पहिला एक किलोमीटर मुरूम आणि पुढे सगळी काळी पांदण. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. तुमच्या शिवारातली वाटही याहून वेगळी नसेल.

गोष्ट २०२२ सालची, महालक्ष्म्यांची. थोरला मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने लांबच्या प्रवासाची मोठी मोटारसायकल घेतली होती आणि सणाला तो तिच्यावरच आला. पाठीमागे मित्र, दोन्ही बाजूंना पिशव्या. लांबचा पल्ला म्हणून त्याने निघताना दोन्ही चाकांत चाळीस-चाळीस पौंड हवा भरून घेतली होती आणि मागची स्प्रिंग होती तेवढी आवळली होती. डांबरावर गाडी पाण्यासारखी आली म्हणे.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचे जेवण. आमच्याकडे नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. दोडका, भोपळ्याची फुले, अंबाडी हे सगळे आखाड्यावर होते. रात्री पाऊस पडून गेलेला. मंडळी म्हणाल्या, "मी पायी जाऊन येते." मी म्हणालो, "पोराची एवढी गाडी दारात उभी असताना पायी कशाला?" माझ्या जुन्या शंभर सी.सी.च्या गाडीवर मी त्या पावसात गेलो नसतो. पण मोठी गाडी, रुंद टायर, उंच बांधणी. वाटले, हिला चिखल तो काय!

मुरमावर गाडी दगडागणिक उडत होती, पण निभावले. पांदणीत शिरून दोनशे पावले गेलो नाही तोच पुढचे चाक चाकोरीच्या कडेला लागून घसरले. मी हँडल सावरतो आहे तोवर मागचे चाक एका खळग्यावरून उसळले. मी गाडीसह डाव्या अंगाला पडलो आणि मंडळी उजव्या हातावर. मनगटाचे हाड मोडले. परभणीला नेऊन प्लास्टर घातले. त्या दिवशी सोळा भाज्या शेजारच्या बायकांनी केल्या, आणि आमच्या घरची अन्नपूर्णा हात गळ्यात बांधून कोपऱ्यात बसली. मला त्या दिवशी घास गिळला नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. पण मनातली भीती निघाली नाही. त्यानंतर त्या माझ्या मागे बसेनात, मोठ्या गाडीवर नाही आणि माझ्या जुन्या गाडीवरही नाही. "तुमच्या गाडीपेक्षा माझे पाय बरे," एवढेच म्हणायच्या. मी गाडीवर पुढे आणि त्या डोक्यावर भाकरीचे टोपले घेऊन पायी मागे, असे शिवारातल्या लोकांनी पाहिले. कोणी काही बोलले नाही, पण मला कळत होते. मुलगा म्हणाला, "आई, मी ही गाडी विकून टाकतो." त्यावर मंडळी म्हणाल्या, "गाडी विकून काय होणार? चालवणारा तोच राहणार."

हा टोला वर्मी बसला. दिवाळीला मुलगा आल्यावर आम्ही दोघे गाडी घेऊन गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने टायरवर अंगठा दाबला आणि विचारले, "सायेब, पडले तव्हा हवा किती व्हती?" मी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "चाळीस." मिस्त्री हसला. "गाडी डांबराची केली अन् नेली रानात. गाडीचा काय दोष?"

वाचकहो, विचार करा. शेतात आपण सगळे जमिनीप्रमाणे लावतो. तिफण किती खोल चालवायची ते ओल बघून ठरवतो. ट्रॅक्टर रानात घालताना एक हवा आणि रस्त्यावर ट्रॉली ओढताना दुसरी, हे आपल्याला ठाऊक आहे. ट्रॅक्टरला पूर्वी लोखंडी चाके असत. १९३२ साली अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे टायर बसवून विकायला सुरुवात केली. आधी प्रयोग केला तो विमानाचे टायर लावून, आणि त्यांत हवा कमी ठेवून. मऊ टायर जमिनीवर पसरतो, म्हणून तो जमीन धरतो. हे मी प्रशिक्षणात शिकवतो. पण घरातल्या मोटारसायकलचे चाक बोटाने दाबून पाहायचे मला कधी सुचले नाही.

मिस्त्रीने आम्हांला एक सोपा प्रयोग दाखवला. मागच्या टायरला चुलीतली राख लावली आणि वर्तमानपत्रावर चाक टेकवून मला गाडीवर बसवले. चाळीस पौंडाला कागदावर चिंचोका वाटावा असा लांबट ठसा उठला. बावीस पौंडाला तोच ठसा तळहाताएवढा झाला. हिशेब साधा आहे. चाकावर सव्वाशे किलो भार असला आणि हवा दुप्पट असली, तर टायर जवळजवळ निम्म्या जागेवर टेकतो. कडक टायर दगडावरून उडतो आणि चाकोरीच्या कडेवरून निसटतो. मऊ टायर दगडाला कवटाळून जातो.

पण मऊ म्हणजे किती? आमच्या गाडीच्या पुस्तिकेत पुढे पंचवीस, मागे एकट्याला अठ्ठावीस आणि दोघांना बत्तीस असे आकडे होते. मिस्त्रीच्या सल्ल्याने कच्च्या वाटेवर दोघे असताना आम्ही पुढे बावीस आणि मागे सव्वीस ठेवतो. त्याखाली जात नाही. आत ट्यूब आहे. हवा फार कमी झाली तर दगडावर आपटून ट्यूब रिम आणि टायरच्या मधे चिमटते. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्हच उपटून येतो. आणि कमी हवेवर डांबरी रस्त्याने जोरात जाऊ नये. टायर तापतो, गाडी डुलते. म्हणून मुरूम संपून डांबर लागते तिथे थांबून पायपंपाने हवा पुन्हा पुस्तिकेप्रमाणे भरायची. पायपंप आणि हवा मोजायचे घड्याळ आता गाडीवरच असते. प्रत्येक गाडीचा आकडा मात्र निराळा. बारीक टायरच्या शंभर सी.सी.च्या गाड्यांना दोघांसाठी मागे बरीच जास्त हवा सांगितलेली असते. आमचे आकडे उचलू नका, आपल्या गाडीची पुस्तिका किंवा चेनगार्डजवळची पट्टी वाचा आणि तिथून फार खाली उतरू नका.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची. स्प्रिंग आवळली की ती कडक होते, असा माझा समज होता. मिस्त्री म्हणाला, स्प्रिंग तीच राहते. माणसे बसल्यावर गाडी किती दबून बसायची तेवढेच त्या कड्याने ठरते. दोरीची बाज जशी. फार कसली तर अंग उडते, फार ढिली सोडली तर पाठ जमिनीला टेकते. आमच्या गाडीचे मागचे चाक एकूण १८० मिलिमीटर वरखाली होते. माणसे बसल्यावर त्यातले चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे ४५ ते ६० मिलिमीटर दबले पाहिजे. ते मोजायला शिंप्याची टेप पुरते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवायचे आणि आसापासून वरच्या कॅरिअरच्या बोल्टपर्यंत अंतर मोजायचे. मग गाडी चाकांवर घेऊन नेहमीच्या ओझ्यासह बसायचे आणि तेच अंतर तिसऱ्याने मोजायचे. दोन्हींतला फरक तो दाब.

मी आणि मुलगा बसलो, तो जेमतेम तीस भरला. म्हणजे त्या दिवशी, मी आणि त्याची हलकी आई बसलेली असताना, तो त्याहून कमीच असणार. चाकाला वर जायला जागा लागते तशी खळग्यात खाली उतरायलाही लागते, हे मला तेव्हा उमगले. आमच्या चाकाला खाली उतरायला जागाच नव्हती. खळगा आला की ते अधांतरी लोंबायचे आणि पुढच्या कडेवर आपटून उसळायचे. मिस्त्रीने कडे सैल केले, फरक पन्नासवर आणला. शंभर सी.सी.च्या पुष्कळ गाड्यांनाही मागच्या दोन्ही स्प्रिंगांना पाच खाचांचे कडे असते. एकट्याला मऊ खाच, दोघांना किंवा दुधाचे कॅन असले तर कडक खाच, आणि दोन्ही बाजूंना खाच एकच हवी. एक बाजू वर आणि एक खाली असली तर गाडी वाकडी चालते. खाच बदलल्यावर माणसे बसवून चेनही तपासायची. चेन ताणली गेलेली नको.

पुढच्या शॉकअपला आमच्या गाडीत कडे नाही. तिथे तेल बदलले. त्यापेक्षा मोलाचे काम फडक्याचे. शॉकअपच्या चकचकीत नळीवर वाळलेला चिखल राहिला की तो ऑइल सील कापतो आणि तेल गळू लागते. रानातून आल्यावर पहिले काम, ती नळी ओल्या फडक्याने पुसणे.

तिसरी गोष्ट टायर. मुलाला रुंद टायर हवा होता. मिस्त्रीने त्याच मापाचा, पण मोठ्या गुट्ट्यांचा बटन टायर दोन्ही चाकांना घातला. रुंद टायर घातला तर मडगार्डमधली जागा कमी होते, आणि आपल्या मातीत ती जागा म्हणजेच जीव. पुढचे मडगार्डही त्याने वायसर घालून वर उचलून दिले. बटन टायर मुरमावर आणि भुसभुशीत मातीत छान धरतो. पण डांबरावर लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते, हे मुलाला बजावून सांगितले.

एवढे झाल्यावर मिस्त्रीने शेवटचा सल्ला दिला, तो माझ्याच पुस्तकातला होता. "सायेब, हे समदं सुक्या वाटंचं. काळी ओली असली तर गाडी बांधावर लावा अन् पायी जा." खरे आहे. आपल्या काळ्या मातीतला माँटमोरिलोनाइट नावाचा चिकण पाणी पिऊन फुगतो आणि गुळाच्या पाकासारखा चिकटतो. दहा पावलांत बटन टायरचे गुट्टे भरून तो सपाट होतो, वीस पावलांत मडगार्ड भरून चाक थांबते. तिथे हवा, स्प्रिंग आणि टायर तिन्ही हात टेकतात. त्यावर खरा उपाय पक्क्या वाटेचा. २०२१ साली राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, ती अशाच वाटांसाठी. वाट होईल तेव्हा होईल. तोवर वाफसा पाहणे आपल्या हातात आहे. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा. चिकटून बसला तर थांबा.

वर्षभर मी त्या गाडीवर एकटाच आखाड्यावर जात राहिलो. बेताने, मुरमावरही पंधरा-वीसच्या वर नाही. मंडळी पायीच येत. मी आग्रह केला नाही. ज्याने पाडले, त्याने आग्रह करू नये.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या आल्या. सकाळी मी मुलासोबत हवा मोजत होतो. मंडळी पिशवी घेऊन बाहेर आल्या, घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, "किती आहे?" मी सांगितले, "पुढे बावीस, मागे सव्वीस." काही न बोलता त्या मागे बसल्या. मुरूम संपेपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता. पांदणीच्या तोंडाशी त्यांनी खांदा दाबला. "थांबा."

त्या उतरल्या, वाकून मूठभर माती घेतली, दाबली आणि कमरेवरून सोडली. गोळा थपकन चिकटून बसला.

"आला नाही अजून," त्या म्हणाल्या.

गाडी बाभळीखाली लावली आणि आम्ही दोघे पायी निघालो. त्या वर्षी सोळाही भाज्या त्यांनीच केल्या.